स्रेब्रेनित्सा : शेवटचे १८३ तास

१६ एप्रिल १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ८१९ संमत केला आणि पूर्व बॉस्नियाच्या डोंगरांतलं स्रेब्रेनित्सा हे बॉस्नियन सर्ब फौजांच्या वेढ्यात सापडलेलं गाव 'सुरक्षित क्षेत्र' ठरलं. पुढच्याच महिन्यात साराजेव्हो, तुझला, झेपा, गोराज्दे आणि बिहाच यांनाही तोच दर्जा मिळाला. ही सहा ठिकाणं राखायला शांतिसेनेचे किती सैनिक लागतील, या प्रश्नाचं लष्करी उत्तर होतं ३४ हजार. परिषदेने मंजूर केले ७ हजार ६००. उरलेल्यांची उणीव नाटोच्या विमानांचा धाक भरून काढेल, असा हिशोब होता.

त्या विमानांनाही परवानगी लागायची आणि ती दुहेरी चावीची होती. एक चावी नाटोकडे, दुसरी संयुक्त राष्ट्रांकडे. दोन्ही फिरल्याशिवाय बॉम्ब पडायचा नाही. मे १९९५ मध्ये दोन्ही चाव्या फिरल्या आणि नाटोने पाले इथल्या सर्ब दारूगोळ्याच्या कोठारावर हल्ला केला. बॉस्नियन सर्बांनी लगेच शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. काहींना खांबाला साखळीने बांधून कॅमेऱ्यापुढे उभं केलं. त्यानंतर झाग्रेबमध्ये बसलेले फ्रेंच सेनापती बर्नार जान्व्हिए विमानांचं नाव काढलं तरी दहादा विचार करू लागले.

या शांतिसेनेचे पहिले प्रमुख भारतीय होते, मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मार्च १९९३ मध्ये ते पदावरून मोकळे झाले. 'सुरक्षित क्षेत्रा'चा ठराव त्यानंतरच्या महिन्यातला.

१९९५ च्या उन्हाळ्यात स्रेब्रेनित्साच्या पट्ट्यात सुमारे ४० हजार लोक कोंडलेले होते. बहुतेक आजूबाजूच्या गावांतून हुसकावलेले बॉस्नियाक मुस्लिम. त्यांच्या रक्षणाला लेफ्टनंट कर्नल टॉम कारेमान्स यांची डच तुकडी होती, चारशेच्या आसपास माणसांची. रजेवर गेलेल्या सैनिकांना सर्ब परत आत येऊ देत नव्हते. डिझेल संपत आलं होतं, म्हणून गस्त पायी चालायची. बॉस्नियाक सैनिकांनीही १९९३ चा निःशस्त्रीकरणाचा करार पुरता पाळला नव्हता. त्यांच्या टोळ्या बाहेर पडून सर्ब वस्त्यांवर छापे घालत. मार्च १९९५ मध्ये बॉस्नियन सर्बांचे अध्यक्ष रादोव्हान करादजिच यांनी सही केलेल्या लष्करी आदेशात स्पष्ट लिहिलं होतं, की या पट्ट्यातल्या लोकांना जगण्याची आशाच उरू नये अशी असह्य परिस्थिती निर्माण करा.

खालच्या घटनाक्रमात शून्य धरला आहे तो १३ जुलै १९९५ च्या संध्याकाळी सहा वाजताचा. क्रावित्साच्या गोदामात गोळीबार सुरू झाला तो साधारण याच सुमारास, असं द हेगच्या युद्धगुन्हे न्यायालयाच्या एका निकालात नोंदवलेलं आहे. माणसं त्याआधीही मारली गेली होती आणि नंतर तर हजारोंनी मारली गेली. पण सामूहिक हत्याकांडाचा रस्ता परतीचा उरला नाही तो तिथून. तास अंदाजे आहेत.

१८३ तास आधी. ६ जुलै, पहाटे ३.१५

दक्षिणेकडून हल्ला सुरू झाला. पोतोचारीतल्या डच मुख्य तळाजवळ रॉकेटं पडली. हा तळ म्हणजे एक जुना बॅटरी कारखाना. बॉस्नियाक अधिकाऱ्यांनी १९९३ मध्ये जमा केलेली आपली जड शस्त्रं परत मागितली. डचांनी नकार दिला: रक्षण करणं आमचं काम आहे.

वर साराजेव्होत आणि झाग्रेबमध्ये अंदाज असा, की सर्बांना फक्त दक्षिणेकडचा रस्ता हवा असावा. मूळ योजना तशी मर्यादितही होती: पट्टा आकसून गावापुरता करायचा.

१२३ तास आधी. ८ जुलै, दुपार

दक्षिणेच्या टोकाची 'फॉक्सट्रॉट' ही टेहळणी चौकी रणगाड्याच्या माऱ्याने खिळखिळी झाली. आतल्या डचांनी ती सोडली. परतीच्या वाटेवर बॉस्नियाकांनी त्यांना अडवलं: तुम्ही निघालात तर आम्ही कोणाच्या भरवशावर राहायचं? चिलखती गाडी थांबली नाही. मागून एक हातबॉम्ब आला आणि एक डच सैनिक ठार झाला.

डचांच्या दृष्टीने या मृत्यूनंतर चित्र पालटलं. पुढच्या चौक्यांतल्या सैनिकांनी मागे फिरण्यापेक्षा सर्बांच्या हाती लागणं पत्करलं. ९ जुलैच्या संध्याकाळपर्यंत ३० डच सैनिक सर्बांच्या ताब्यात होते. त्यांना ओलीस असं कोणी म्हणत नव्हतं, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्या तीस माणसांकडे बघून घेतला गेला.

९२ तास आधी. ९ जुलै, रात्र

चौक्या एकामागोमाग एक पडत होत्या आणि आकाशातून काहीच येत नव्हतं. हे पाहून सर्ब सेनेने बेत मोठा केला. करादजिच यांनी पूर्ण गाव घ्यायला संमती दिली.

त्याच रात्री शांतिसेनेच्या वरिष्ठांनी कारेमान्सना आदेश दिला, की गावाच्या दक्षिणेला 'रोधक मोर्चा' उभारा. सर्बांना इशारा गेला: हा मोर्चा ओलांडलात तर विमानं येतील.

८५ तास आधी. १० जुलै, पहाट

रोधक मोर्चा म्हणजे पन्नासेक सैनिक आणि पांढऱ्या रंगाच्या सहा चिलखती गाड्या. शांतिसेनेची वाहनं दुरून ओळखू यावीत म्हणून पांढरी असतात. लढाईत तोच रंग नेम धरायला सोयीचा पडतो.

७१ तास आधी. १० जुलै, संध्याकाळी ७

गावाच्या दक्षिणेकडच्या डोंगराच्या धारेवर सर्ब पायदळ उघड दिसू लागलं. डचांनी प्रकाशगोळे उडवले, मग डोक्यांवरून गोळ्या झाडल्या. कारेमान्सनी हवाई मदत मागितली. मागणी तुझलाला गेली, तिथून साराजेव्होला, तिथून झाग्रेबला.

झाग्रेबमध्ये जान्व्हिए यांनी बैठक बोलावली. मोहिमेचे नागरी प्रमुख, जपानचे यासुशी अकाशी, त्या दिवशी शहराबाहेर होते. द हेगला डच सरकारकडे विचारणा झाली. सर्ब सेनेच्या एका जनरलशी फोनवर बोलणं झालं. तासभर गेला, दोन तास गेले. अंधार पडला, अंधारात विमानांना लक्ष्य दिसणार नाही असा मुद्दा निघाला, आणि तोवर डोंगरावरचा गोळीबारही थंडावला होता. निर्णय झाला: आज नको, सकाळी बघू.

६६ तास आधी. ११ जुलै, मध्यरात्र

कारेमान्स स्रेब्रेनित्साच्या नगरप्रमुखांना भेटले आणि त्यांनी सांगितलं, सकाळी सहापर्यंत सर्ब मागे हटले नाहीत तर चाळीस ते साठ विमानं येतील आणि समोर दिसेल ते उडवतील.

असा कोणताही निर्णय वर झालेला नव्हता. लष्करी भाषेत 'हवाई मदत' आणि 'हवाई हल्ला' या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत जमिनीवरच्या तुकडीने मागावं आणि विमानाने तिच्यापुढचा एखादा रणगाडा उडवावा. दुसरीत विस्तृत प्रदेशावर ठरवून मारा होतो. झाग्रेबच्या डोक्यात पहिली होती, पोतोचारीच्या डोक्यात दुसरी. गावातल्या लढवय्यांना सांगण्यात आलं, की दक्षिणेकडचा भाग मोकळा सोडा, तिथे बॉम्ब पडणार आहेत.

५८ तास आधी. ११ जुलै, सकाळी ८

सात वाजून गेले. डच सैनिक खंदकांत शिरून आभाळाकडे कान लावून बसले होते. आभाळ स्वच्छ होतं, उन्हाळ्याचं. विमान एकही नाही.

आठच्या सुमारास डचांनी तुझलाला फोन केला: विमानं कुठे आहेत? तिकडून उत्तर आलं, आमच्याकडे मागणीच नोंदलेली नाही. मग मागणी लिहायची, लक्ष्यांची यादी जोडायची, ती पुन्हा तपासायची, फॅक्स करायची. कुठे नमुना चुकीचा, कुठे यादी अपुरी, कुठे फॅक्सच बिघडलेला. या सकाळबद्दलच्या साक्षी पुढे एकमेकींशी जुळल्या नाहीत. सैन्यातला प्रत्येक टप्पा दुसऱ्याकडे बोट दाखवत राहिला.

५४ तास आधी. ११ जुलै, सकाळी ११.३० ते दुपारी १२.१७

नाटोची विमानं पहाटे सहापासून एड्रियाटिक समुद्रावर घिरट्या घालत होती. साडेअकराला त्यांचं इंधन संपत आलं आणि ती इटलीतल्या तळावर परतली. त्यानंतर पाऊण तासाने, सव्वाबाराच्या सुमारास, दुसऱ्या चावीवर अकाशींची सही झाली.

५१ तास आधी. ११ जुलै, दुपारी २.४०

दोनच्या सुमारास गावाच्या दक्षिण टोकाच्या एका बेकरीवर सर्ब झेंडा चढला. हजारो लोक उत्तरेकडे, पोतोचारीच्या डच तळाकडे चालू लागले होते. डचांच्या ट्रकवर जखमी चढवले होते, आणि ज्यांना आत जागा मिळाली नाही ते बाहेरून लोंबकळत होते.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी दोन डच एफ-१६ विमानांनी दोन बॉम्ब टाकले. मागून आलेल्या अमेरिकी जोडीला लक्ष्य सापडलं नाही.

सर्बांनी पकडलेल्या डच सैनिकांच्याच रेडिओवरून निरोप आला: विमानं थांबवा, नाहीतर ओलीस मारू आणि तळावर तोफा डागू. डच संरक्षणमंत्री योरिस व्होरहूव्ह यांनी झाग्रेबला अकाशींना फोन केला. हल्ले थांबले.

पाच दिवसांच्या लढाईत संयुक्त राष्ट्रांची हवाई ताकद एवढीच वापरली गेली.

५० तास आधी. ११ जुलै, दुपारी ४ नंतर

बॉस्नियन सर्ब सेनेचे प्रमुख जनरल रात्को म्लादिच यांनी रिकाम्या स्रेब्रेनित्सात पाऊल ठेवलं. बरोबर कॅमेरा होता. रस्त्यावर उभं राहून त्यांनी हे गाव सर्ब जनतेला भेट दिलं आणि या भागातल्या 'तुर्कां'चा सूड घेण्याची वेळ आल्याचं सांगितलं. ही चित्रफीत पुढे न्यायालयात पुरावा झाली. त्या दिवशी ती प्रचारासाठी घेतली होती.

४६ तास आधी. ११ जुलै, रात्री ८

ब्रातुनात्स गावातलं 'फोंताना' हॉटेल.  म्लादिच ओरडत होते, की माझ्या सैनिकांवर विमानं कोणी सोडली? कारेमान्स म्हणाले, मी नुसता पियानो वाजवणारा आहे, पियानो वाजवणाऱ्याला गोळी घालू नका. उत्तर मिळालं, की तू पियानोही भिकार वाजवतोस. शेवटी हातात ग्लास देऊन छायाचित्र काढण्यात आलं. ते जगभर छापून आलं आणि कारेमान्सना जन्माचं चिकटलं.

पोतोचारीत तोवर वीस ते पंचवीस हजार लोक जमले होते, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. चार-पाच हजार तळाच्या कुंपणाच्या आत, बाकीचे बाहेर कारखान्यांच्या शेडमध्ये आणि शेतात. पाणी नव्हतं, अन्न नव्हतं.

४३ तास आधी. ११ जुलै, रात्री ११

त्याच हॉटेलात दुसरी बैठक. या वेळी बॉस्नियाकांचा प्रतिनिधी म्हणून निर्वासितांच्या गर्दीतून उचलून आणलेले एक शिक्षक होते. खिडकीबाहेर डुक्कर कापलं जात होतं आणि त्याचं किंचाळणं खोलीत ऐकू येत होतं. टेबलावर स्रेब्रेनित्सा नगरपालिकेची तोडलेली पाटी आणून ठेवली होती. म्लादिचनी शिक्षकांना सांगितलं, तुमच्या लोकांचं भवितव्य तुमच्या हातात आहे. एकतर टिकाल, नाहीतर नाहीसे व्हाल. संयुक्त राष्ट्रांचा कमांडर शेजारीच बसून होता.

४२ तास आधी. १२ जुलै, मध्यरात्रीनंतर

गावातले बहुतेक पुरुष पोतोचारीला गेलेच नव्हते. शुश्न्यारी आणि याग्लिची या वस्त्यांजवळ दहा ते पंधरा हजार जण जमले आणि एकापाठी एक रांग करून जंगलातून बॉस्नियाकांच्या ताब्यातल्या तुझलाकडे निघाले. जेमतेम तिसऱ्या हिश्श्याकडे शस्त्रं होती. वाट सुरुंगांची, म्हणून रांग एकपदरी आणि कित्येक किलोमीटर लांब. पुढचा माणूस निघाल्यावर शेवटच्याला पाऊल उचलायला दुपार झाली.

३२ तास आधी. १२ जुलै, सकाळी १०

तिसरी बैठक. म्लादिचनी अट घातली, की लढण्याच्या वयाच्या पुरुषांची युद्धगुन्हेगार म्हणून छाननी होईल, बाकीच्यांना बसने पाठवू. छाननी ऐकायला रीतसर वाटते. कोणत्याही सैन्याला युद्धकैद्यांची चौकशी करता येते, असं म्हणून मान डोलवण्याची सोय त्या शब्दात होती.

२९ तास आधी. १२ जुलै, दुपारी १

बसगाड्या आणि ट्रकांची रांग पोतोचारीत आली. म्लादिच कॅमेऱ्यापुढे मुलांना गोळ्या-चॉकलेटं वाटत होते, कोणालाही इजा होणार नाही असं सांगत होते. बसच्या वाटेवर दुतर्फा सैनिक उभे होते. बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. पुरुष म्हणजे काही ठिकाणी बारा-तेरा वर्षांची पोरं आणि सत्तरीचे आजोबाही.

वेगळे काढलेले पुरुष तळाजवळच्या एका पांढऱ्या घरात नेले जात होते. आत जाण्याआधी त्यांना पिशव्या, पाकिटं आणि ओळखपत्रं बाहेर टाकायला लावली. घरापुढे ढीग साचला. पुढे तो जाळून टाकला गेला. डच सैनिकांनी तो ढीग पाहिला. छाननी करायची तर माणसाचं नाव लागतं. ज्याचं ओळखपत्र काढून घेतलं त्याला पुन्हा त्याच्या नावाची गरज पडणार नाही, हे ओळखायला गुप्तहेर खात्याची जरूर नव्हती.

त्याच दिवशी. न्यूयॉर्क

सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १००४ एकमताने संमत केला. सर्ब फौजांनी ताबडतोब मागे हटावं अशी मागणी केली आणि महासचिवांनी उपलब्ध सर्व साधनं वापरून सुरक्षित क्षेत्राचा दर्जा पूर्ववत करावा असं सांगितलं. उपलब्ध साधनं म्हणजे कुंपणाआड अडकलेले, पाणी आणि औषधं संपलेले डच सैनिक. फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांनी गाव लष्करी बळाने परत घ्यावं असं सुचवलं. कोणीही ते उचलून धरलं नाही. परिषदेच्या ठरावात पांढऱ्या घराचा उल्लेख नाही. तिथलं वृत्त न्यूयॉर्कच्या टेबलावर पोचलंच नव्हतं.

१० तास आधी. १३ जुलै, सकाळ

तळाजवळच्या ओढ्याकाठी दोन डच सैनिकांना नऊ मृतदेह दिसले. साध्या कपड्यांतले पुरुष. त्यांनी छायाचित्रं काढली. तो रोल नंतर नेदरलँड्समध्ये, लष्कराच्याच प्रयोगशाळेत धुताना खराब झाला.

जंगलात रांग तुटली होती. रस्त्याकडेला सर्ब सैनिक मेगाफोनवरून हाका मारत होते, शरण या, जिनिव्हा करार पाळला जाईल. काहींनी पकडलेल्या शांतिसैनिकांच्या निळ्या शिरस्त्राणांचा आणि पांढऱ्या वाहनांचा वापर केला. संयुक्त राष्ट्रांची माणसं बघून हजारो पुरुष झाडीतून हात वर करून बाहेर आले.

२ तास आधी. १३ जुलै, दुपारी ४

बाहेरची गर्दी संपली. आता तळाच्या आतल्यांची पाळी. आत तीनशेहून जास्त पुरुष होते. उपप्रमुख मेजर फ्रँकन यांनी त्यांची नावं लिहून घ्यायचं ठरवलं, म्हणजे नंतर हिशोब मागता येईल. काहींनी नाव द्यायला नकार दिला, तरी यादीत अडीचशेच्या आसपास नावं झाली. यादी फॅक्सने वर गेली आणि एक प्रत फ्रँकन यांनी अंगात दडवून बाहेर काढली.

मग त्या पुरुषांना फाटकाबाहेर पाठवलं. शांतिसेनेचे दुभाषे हसन नुहानोविच यांना स्वतःच्या आईवडिलांना आणि धाकट्या भावाला सांगावं लागलं, की तुम्हाला जायला सांगितलंय. हसन यांच्याकडे संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र होतं, म्हणून ते राहिले. भावाकडे नव्हतं.

शून्य. १३ जुलै, संध्याकाळी ६ च्या सुमारास

क्रावित्सा गावात शेतकी सहकारी संस्थेचं एक लांबट गोदाम आहे. रस्त्यावर शरण आलेल्यांना बसने आणि पायी आणून त्यात कोंबलं होतं. जागा भरली तेव्हा दारांतून आणि खिडक्यांतून गोळीबार सुरू झाला आणि आत हातबॉम्ब टाकले गेले. हजाराहून अधिक माणसं तिथे मेली. प्रेतांखाली दबून वाचलेल्या मोजक्यांनी पुढे साक्ष दिली. गोदामाच्या भिंतींवरून तपास पथकांना रक्त, स्फोटकांचे अंश आणि मानवी अवशेष मिळाले.

शून्यानंतर

१४ जुलै. ओराहोवात्स. शाळेच्या व्यायामशाळेत कोंडलेल्या सुमारे हजार जणांना डोळे बांधून माळावर नेलं. त्याच दिवशी युरोपीय संघाचे मध्यस्थ कार्ल बिल्ट बेलग्रेडजवळ सर्बियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच आणि म्लादिच यांना भेटले.

१५ जुलै. बेलग्रेडमध्ये मिलोशेविच, म्लादिच, बिल्ट, अकाशी आणि शांतिसेनेचे ब्रिटिश सेनापती रूपर्ट स्मिथ एका टेबलाशी बसले. रेड क्रॉसला कैद्यांपर्यंत जाऊ द्यावं अशी मागणी झाली. डच ओलिसांची सुटका झाली. त्या वेळी उत्तरेकडे कोझ्लुकच्या नदीकाठी माणसं उभी करून मारली जात होती.

१६ जुलै. ब्रान्येवो लष्करी शेतमळा. सकाळी दहापासून दुपारपर्यंत बसमागून बस आली. द्राजेन एर्देमोविच नावाच्या सैनिकाने पुढे कबुली दिली, की दहा-दहाच्या गटाने उतरवून आम्ही साधारण बाराशे जणांना मारलं. त्याच दिवशी जंगलातली रांग, जेवढी उरली होती तेवढी, नेझुकजवळ आघाडी फोडून पलीकडे पोचली.

१७ जुलै. मेजर फ्रँकन यांच्यापुढे सर्बांनी एक कागद ठेवला: स्थलांतर सर्ब बाजूने रीतसर, नियमांनुसार पार पाडलं. त्यांनी सही केली आणि हाताने एक ओळ जोडली, की हे फक्त संयुक्त राष्ट्रांच्या सैनिकांनी प्रत्यक्ष सोबत केलेल्या ताफ्यांपुरतं. बाकीच्या ताफ्यांचं काय, हा प्रश्न त्या ओळीतच होता. सर्बांनी तो कागद प्रचारात वापरला.

२१ जुलै. डच तुकडी स्रेब्रेनित्सा सोडून झाग्रेबकडे निघाली.

२७ जुलै. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क प्रतिनिधी, पोलंडचे माजी पंतप्रधान तादेउश माझोव्हिएत्स्की यांनी राजीनामा दिला. मानवी हक्कांच्या रक्षणाचं सोंग आपण आणखी वठवू शकत नाही, हा त्यांच्या पत्राचा आशय होता. या सगळ्या घटनाक्रमात पद सोडून निषेध नोंदवणारा वरिष्ठ अधिकारी हा एकच.

१० ऑगस्ट. अमेरिकेच्या प्रतिनिधी मॅडलीन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेत आकाशातून घेतलेली छायाचित्रं दाखवली: नोव्हा कासाबाजवळ मैदानात बसवलेली माणसं, आणि नंतर त्याच परिसरात ताजी उकरलेली माती. शरद ऋतूत सर्बांनी यंत्रं लावून थडगी उपसली आणि प्रेतं दूरदूरच्या खड्ड्यांत हलवली. त्यामुळे पुढे डीएनए तपासणीत एकाच माणसाची हाडं तीन-चार ठिकाणी सापडू लागली. मृतांचा आकडा आठ हजारांवर गेला.

हिशोब

जग गप्प बसलं, असं स्रेब्रेनित्साबद्दल सर्रास म्हटलं जातं. वरच्या तासांत गप्प कोणीच दिसत नाही. फोन चालू आहेत, फॅक्स चालू आहेत, बैठका होत आहेत, ठराव एकमताने संमत होत आहेत, मध्यस्थ विमानाने येत-जात आहेत. प्रत्येक पातळीवर प्रतिसाद होता. मात्र त्या प्रतिसादाचा क्रम पाहिला तर पहिली काळजी आपल्या तीस सैनिकांची, दुसरी वाटाघाटींचं दार उघडं ठेवण्याची, तिसरी बायकामुलांना बसमध्ये बसवण्याची. वेगळे काढलेले पुरुष या यादीत शेवटी येतात. न्यूयॉर्कच्या ठरावात तर येतच नाहीत.

डचांवर सगळं ढकलणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. चारशे माणसांच्या, डिझेल नसलेल्या तुकडीला ज्यांनी तिथे ठेवलं त्यांनी ३४ हजारांचा आकडा वाचलेला होता. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव कोफी अन्नान यांनी १९९९ च्या अहवालात संस्थेचा दोष मान्य केला. ठरवून सुरू असलेल्या संहाराला कागदी उपायांनी उत्तर दिलं आणि दोन्ही बाजूंना सारखं मानण्याच्या सवयीत हल्लेखोर व बळी यांतला फरक हरवला, असा त्यांच्या निष्कर्षाचा मथितार्थ होता. २००२ मध्ये डच सरकारने अधिकृत चौकशी अहवालानंतर राजीनामा दिला.

न्यायालयांना वेळ लागला, पण ती थांबली नाहीत. बॉस्नियन सर्ब सेनेचे जनरल क्रस्तिच यांना २००१ मध्ये वंशसंहाराबद्दल शिक्षा झाली. अपिलात ती साहाय्य केल्याबद्दल ३५ वर्षांची ठरली. करादजिच अनेक वर्षं वेषांतर करून लपले, २००८ मध्ये सापडले आणि २०१९ मध्ये अपिलात त्यांची शिक्षा वाढून जन्मठेप झाली. म्लादिच यांची जन्मठेप २०२१ मध्ये कायम झाली. डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं, की तळाच्या आतल्या ३५० पुरुषांना आतच ठेवलं असतं तर त्यांच्या जगण्याची शक्यता १० टक्के होती, म्हणून राज्याची जबाबदारी नुकसानीच्या १० टक्के. 'स्रेब्रेनित्साच्या माता' या संघटनेने त्या आकड्यासाठी एक तप कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

या सगळ्या निकालांत पुढच्या युद्धांसाठी सर्वांत कामाचा निकाल मात्र कोणा व्यक्तीविरुद्धचा नाही. २६ फेब्रुवारी २००७ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला आणि सर्बियाने तो रोखण्याचं कर्तव्य पाळलं नाही, असं ठरवलं. त्यात एक नियम स्पष्ट झाला: वंशसंहाराचा गंभीर धोका आहे हे राज्याला कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणापासून तो रोखण्याचं कर्तव्य सुरू होतं. प्रेतं मोजून होण्याची, उपग्रहाची छायाचित्रं येण्याची, ठरावावर एकमत होण्याची वाट पाहण्याची मुभा त्यात नाही. निकाल सर्बियापुरता होता, पण वंशसंहारविरोधी करारात सामील असलेल्या प्रत्येक देशाला हे कर्तव्य बांधून आहे, भारतालाही. या कसोटीने मोजलं तर आपण धरलेला शून्य चुकीच्या जागी आहे. तो १३ जुलैच्या संध्याकाळी क्रावित्सात येत नाही. फार उशिरा म्हटलं तरी तो आदल्या दुपारी, पांढऱ्या घरापुढे पहिलं ओळखपत्र टाकलं गेलं तेव्हा येतो, आणि त्यानंतरचा प्रत्येक तास कर्तव्य चुकल्याचा तास ठरतो.